राणीचा आवाज

४ जून

मिळाला. खेळ मला मिळाला.

इतकी वर्षं संग्रहालयाच्या शिक्षण विभागात काढली ती शाळांच्या सहली फिरवण्यात आणि पोरांच्या हातात रंगीत खडू देण्यात. निवृत्ती आता तोंडावर आली. प्राचीन माया लोकांच्या कलेचं एवढं मोठं प्रदर्शन येतंय, त्याच्या शेवटच्या दालनात मुलांसाठी टेबलाएवढ्या पडद्यावर एक खेळ होणार आहे, आणि तो लिहायचं काम क्युरेटरबाईंनी आज सगळ्यांदेखत माझ्यावर सोपवलं. मी चेहरा अगदी गंभीर ठेवला. बाहेर येऊन जिन्यात एकटीच हसले.

खरं सांगायचं तर काम मिळावं म्हणून मी एक खडा टाकून पाहिला होता. बैठकीत सहज बोलल्यासारखं म्हटलं, "आमची सून मायाच आहे." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. क्युरेटरबाई म्हणाल्या, "कधी बोलला नाहीत." आता काय बोलणार. सहा वर्षं ती आमच्या घरात आहे, पण तिच्या गावाचं नाव उच्चारायला अजून माझी जीभ नीट वळत नाही.

घरी येऊन सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता "छान" म्हणाले. चिरंजीव नातीला, ठकीला भरवत होते, तेही "छान" म्हणाले. बापलेकांच्या तोंडून शब्द म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाऊन काढून घ्यावे लागतात. सून भांडी विसळत होती. हात थांबवून तिने विचारलं, "कुठले माया, आई? जुने की आम्ही?"

"जुने गं. पिरॅमिडवाले."

ती "हं" म्हणाली आणि पुन्हा नळ सोडला.

१९ जून

खेळाचं नाव ठरलं, 'राणीच्या महालात'. पहिल्या दालनात बाजार. तिथे ठिपके आणि आडव्या रेघांनी आकडे लिहायचे. ठिपका म्हणजे एक, रेघ म्हणजे पाच, आणि शून्याला शिंपला. दुसऱ्यात कोकोचं पेय प्यायचा उंच प्याला रंगवायचा. असल्या प्याल्यांच्या काठावर ते लोक चक्क मालकाचं नाव लिहीत. तिसऱ्या दालनात कमरेला पट्टा बांधून विणायचा माग. आणि हे सगळं पार केलं की चौथ्या दालनात राणी. ती सिंहासनावरून हात उचलून चार शब्द बोलणार.

"कुठल्या भाषेत?" मौनीबाबांनी विचारलं. मौनीबाबा म्हणजे आमचा प्रोग्रामर. चाळिशीचा, दाढीवाला, दिवसातून तीन-चार वाक्यं बोलतो, पण त्यातलं एक हमखास माझी झोप उडवणारं असतं.

क्युरेटरबाईंच्या परवानग्यांनी मात्र जीव मेटाकुटीला आलाय. राणीचं चित्र ज्या प्याल्यावरून घ्यायचं, त्याच्या एका फोटोसाठी प्याला ज्यांचा त्यांची परवानगी, फोटो ज्याने काढला त्याची परवानगी, फोटोतला नुसता मुकुट कापून वापरायचा तर त्याची वेगळी. हजार वर्षांपूर्वी मेलेल्या कुंभाराचीच काय ती सही राहिली, असं मी म्हटलं. बाई हसल्या नाहीत. "वस्तू दुसऱ्याची असते," म्हणाल्या. "आपण फक्त दाखवतो." बोलण्याची अशी ढब की समोरच्याने निमूट उठावं. मी उठले.

२ जुलै

आज राणीचा आवाज करायला एक नटी आली होती. कागदावर लिहून दिलेली माया वाक्यं तिने वाचली. पोरांना ती राणी साबण विकतेय असं वाटलं असतं. मौनीबाबांनी कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

क्युरेटरबाईंचं म्हणणं, आवाज नकोच. शिलालेखांवरची भाषा आज तशीच्या तशी कोणी बोलत नाही. तिच्या नात्यातल्या तीसेक माया भाषा मात्र आजही बोलल्या जातात. तेव्हा एकतर राणीला गप्प ठेवा, नाहीतर आजची माया भाषा बोलणारं खरं माणूस आणा, रीतसर लिहून घ्या आणि पडद्यावर तसं स्पष्ट सांगा. खरं माणूस आणा. ते तर माझ्या स्वयंपाकघरात उभं होतं.

संध्याकाळी सुनेला विचारलं. ती ठकीचे केस विंचरत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको आई. मी दातांच्या दवाखान्यात पावत्या फाडते. मी कुठली राणी?"

"अगं, चार वाक्यं फक्त."

"आमच्या घरात ती भाषा माझ्या आईशी बोलायची असते. इथे बाकी कोणाशी मी बोलत नाही. ठकीशी थोडी. मशीनसमोर नाही जमणार."

बुजते बिचारी. मी म्हटलं, बघू नंतर. ती काही बोलली नाही, म्हणजे नंतर होईल तयार.

१४ जुलै

दिवस वाईट गेला. माग चालत नाही. पोरगं धागा डावीकडे ओढतं आणि तो उजवीकडे जातो. उद्घाटन अठ्ठावीस ऑगस्टला आहे आणि मला अजून तिसऱ्या दालनाचा मजकूर लिहायचाय.

त्यातच सकाळी घाईत निघताना सून दाराशी आली. तिच्या आईला बरं नाही. म्हणाली, "दोन आठवडे जाऊन येऊ का? तुम्ही रजा घ्याल का ठकीसाठी?" ठकीच्या कानाचं ऑपरेशन नुकतंच झालंय, डॉक्टरांनी विमान बंद सांगितलंय, त्यामुळे तिला नेता येणार नाही. चिरंजीवांच्या पाळ्या दिवसरात्र बदलतात आणि यांचा गुडघा असा की चार वर्षांच्या पोरीमागे धावले तर यांनाच उचलून आणावं लागेल. म्हणजे रजा मीच घ्यायची. आत्ता, ऐन मोक्यावर.

मी म्हटलं, "अगं, वय झालं की असं होतंच. माझी आई चार वेळा गेली गेली म्हणता उठून बसली होती. उद्घाटन होऊ दे, मग महिनाभर जा. मी स्वतः तुला विमानात बसवून देते."

"बरं, आई," म्हणाली. समजूतदार आहे. हट्ट नाही, आदळआपट नाही. चिरंजीव मात्र संध्याकाळी माझ्याशी नीट बोलले नाहीत. कामावर काहीतरी बिनसलं असणार.

२३ जुलै

आज मोठंच काम झालं. पण पहिल्यापासून सांगते.

चार दिवस सून धड जेवत नाहीये. डोळे सुजलेले, पहाटे उठून बसते, बोलताना मध्येच थांबते. मी काही आज जन्मले नाही. ठकीला भावंड येतंय, असा माझा अंदाज आहे. यांना म्हटलं तर हे म्हणाले, "तिला विचार की सरळ." मी कशाला विचारू. आपण होऊन सांगेल.

तर आज दुपारी डोकं दुखत होतं म्हणून लवकर घरी आले. घरात सगळं शांत. मागच्या गॅलरीतून तिचा आवाज येत होता. फोनवर आईशी बोलत असावी. पण ते बोलणं नव्हतंच. खालच्या सुरात, एका लयीत, थांबत थांबत, आणि प्रत्येक वाक्य त्याच एका शब्दावर येऊन टेकत होतं. प्रार्थना असते ना, तसं. हीच, हीच माझी राणी.

चपला न काढताच मी आत गेले. दाराआड उभं राहून फोनवर रेकॉर्ड केलं. तिने फोन खाली ठेवला तेव्हा मी बंद केलं आणि पावलं न वाजवता खोलीत आले. जरा चोरासारखं वाटलं हे कबूल करते. पण विचारलं असतं तर पुन्हा बुजली असती, आणि मुद्दाम बोललेलं कधी असं उतरत नाही. घरच्या माणसाला कसली आलीये परवानगी.

मधला तेवढा तुकडा कापून मौनीबाबांना पाठवला. सगळं नाही पाठवलं. आपल्या घरातलं बोलणं परक्याने का ऐकावं?

२५ जुलै

सुनेची आई गेली. काल पहाटे.

मला आज सकाळी कळलं, तेही चिरंजीवांकडून. काल मी दिवसभर कार्यालयात होते आणि रात्री आले तेव्हा ती झोपली होती. मी तिच्या खोलीत गेले, पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "सुटल्या गं त्या." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. हे दिवसभर तिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना कसं सुचतं असलं, देव जाणे.

परवा तर ती आईशी बोलत होती. मग एकदम असं कसं झालं?

एक क्षण वाटलं, मौनीबाबांना सांगावं, तो तुकडा राहू दे म्हणून. पण त्यांनी तो राणीच्या ओठांना बसवूनही टाकलाय, आणि काय सुंदर बसलाय. ती प्रार्थनाच होती, आईच्या आजारासाठी केलेली असेल. मग तर ती राणीच्या तोंडी असणं एका परीने मानच आहे. मी स्वतःला असं समजावलं आणि पटलंही. लिहिताना आता तितकंसं पटत नाहीये. राहू दे.

१२ ऑगस्ट

क्युरेटरबाईंनी आज आवाज ऐकला. दोनदा ऐकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

"कोण आहेत या?"

"सून."

"अर्थ काय?"

मी म्हटलं, "सूर्याची प्रार्थना. परंपरेने चालत आलेली." तोंडातून निघून गेलं. मग पडद्याखाली ओळी द्यायच्या म्हणून मीच लिहिल्या, 'हे सूर्या, आमच्या डोंगरावर ये. हे सूर्या, आमचा मका पिकू दे.' प्रत्येक वाक्याच्या शेवटी येतो तो शब्द 'सूर्या' धरला. नाहीतरी मुलं काय भाषांतर तपासायला बसणार आहेत?

"परवानगी?" बाईंनी विचारलं.

"घरचीच आहे हो. दिली."

"कागदावर?"

"आणून देते."

कागद मीच भरला. सहीच्या जागी तिचं नाव लिहिताना अक्षर जरा वेगळं काढलं. आता हे इथे लिहून काढताना कान गरम झालेत. प्रदर्शन एकदा सुरू झालं की तिला सगळं निवांत सांगेन, ती हसेल, आणि खरी सही करून घेईन.

२८ ऑगस्ट

आज काय झालं ते जसंच्या तसं लिहायचं ठरवलंय.

सुनेला मीच आग्रह केला. घरात बसून कुढत राहण्यापेक्षा चल, मन रमेल, म्हटलं. ती ठकीला घेऊन आली, चिरंजीव आणि हेही आले. टेबलाभोवती मुलांची झुंबड. एका चुणचुणीत मुलीने तिन्ही दालनं झटपट पार केली. राणी उभी राहिली, हात उचलला आणि बोलू लागली.

माझी नजर सुनेवर होती. मला तिचा चकित झालेला चेहरा बघायचा होता. ती चकित झाली नाही. ती होती तिथे थांबली आणि तिचा हात ठकीच्या खांद्यावरून खाली पडला.

ठकी मात्र सगळ्यांना सांगायला लागली, "ही राणी नाहीये. ही माझी आई आहे." लोक कौतुकाने हसले. क्युरेटरबाई खाली वाकून म्हणाल्या, "हो का? मग आई काय म्हणतेय?"

ठकी कान देऊन ऐकू लागली. आणि मग सांगितलं, "आई, मी पुलावर आले. आई, कुत्रा भुंकतोय. आई, दार लोटू नका." तिच्या डोक्याच्या वरच पडद्यावर माझी ओळ सरकत होती, 'हे सूर्या, आमचा मका पिकू दे.'

क्युरेटरबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी हसून म्हटलं, "लहान आहे हो. काहीही बोलते."

हे मी म्हटलं. सून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ठकी माझ्याकडे बघत राहिली, आपलं काय चुकलं ते तिला कळेना.

बाई सुनेकडे वळल्या. "हा तुमचाच आवाज ना? तुम्ही परवानगी दिलीत, आम्ही आभारी आहोत."

आता फुटणार सगळं, असं मला वाटलं. सुनेने एकदा माझ्याकडे बघितलं. "आवाज माझाच आहे," एवढंच म्हणाली. परवानगीबद्दल चकार शब्द नाही. मग पाणी प्यायला जाते म्हणून ठकीला घेऊन बाहेर गेली आणि परत आली नाही. मुलं जिंकत होती. राणी पुन्हा पुन्हा बोलत होती. एक पोरगा तिची नक्कल करायला लागला आणि बाकीचे खिदळले. मी पाहुण्यांशी बोलत राहिले. फोटोसुद्धा काढून घेतले.

२९ ऑगस्ट

चिरंजीवांनी मला आज स्वयंपाकघरात बसवलं आणि दार लावून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्या दुपारी तिच्या भावाने फोन तिच्या आईच्या कानाशी धरला होता. आईला बोलता येत नव्हतं, डोळेही उघडत नव्हते. भाऊ म्हणाला, ती तुझी वाट बघतेय, तुझ्यासाठी जीव अडकलाय तिचा. मग ही गॅलरीत बसून घरी निघाली. म्हणजे तोंडाने. आई, मी बसमधून उतरले. आई, मी पुलावर आले. आई, मी चढ चढतेय, थोडी दम खाते. कुत्र्याने मला ओळखलं नाही, भुंकतोय. दार लोटू नका, मी दिसतेय का तुम्हाला? आई, मी आत आले. हा बघा माझा हात.

"प्रत्येक वाक्यात एक शब्द येतो," चिरंजीव म्हणाले. "तो सूर्य नाही. तो शब्द म्हणजे आई."

मी म्हटलं, "मला तिने सांगितलं का नाही, इतकं सिरियस आहे म्हणून?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, उद्घाटन होऊ दे."

मी ही दैनंदिनी मागे उलटून बघितली. तसंच लिहिलंय. माझ्याच अक्षरात. तिला समजूतदार म्हणून शाबासकीही दिलीये मी.

आणि भावंड येतंय म्हणून मनातल्या मनात बारशापर्यंत पोचलेली मी. शी.

२ सप्टेंबर

अजून काही केलेलं नाही. हे लिहायलाही लाज वाटते, पण नाही केलं.

शाळांच्या नोंदणीची झुंबड उडालीये. राणी बोलते म्हणून मुलं पुन्हा येतात. क्युरेटरबाई रोज माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहतात आणि काही न विचारता जातात. मी रोज ठरवते की आज सांगते. मग वाटतं, निवृत्तीला इतके थोडे दिवस राहिले, खोटी सही म्हणजे काय काय होईल, सगळ्यांना कळेल, इतक्या वर्षांचं नाव मातीत जाईल. असले हिशेब करत बसते आणि तिकडे दालनात ती आईला सांगत असते की मी आले, मी आले.

घरात सून माझ्याशी पहिल्यासारखीच वागते. चहा करून देते. तेच सोसवत नाही. हे काल म्हणाले, "तू तिची माफी मागितलीस का?" मी म्हटलं, आधी तिकडचं निस्तरते. "बरं, निस्तर," म्हणाले आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.

४ सप्टेंबर

सांगितलं. क्युरेटरबाईंच्या खोलीत उभ्यानेच सांगितलं: चोरून रेकॉर्ड केलं, अर्थ बनवला, सही मी केली. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "एका प्याल्याच्या फोटोसाठी आपण किती पत्रं लिहिली होती, आठवतं?" मग मौनीबाबांना बोलावून आवाज काढायला सांगितला. खेळावरून माझं नावही काढलंय. पुढचं काय ते वरिष्ठ ठरवतील. मला काही म्हणायचं नाही.

मौनीबाबांनी माझ्यासमोर तुकडा पुसला. राणी आता नुसता हात उचलते.

घरी येताना बागेपाशी बाकावर बसले आणि माझ्या फोनमधलं मूळ रेकॉर्डिंगही पुसलं. पुसलेल्या गोष्टी जिथे जाऊन पडतात तिथूनही काढलं. कोणाच्या हाती लागू नये, कोणी पुन्हा ऐकू नये. खूण म्हणून राहिली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा मोकळं वाटलं. उद्या तिच्यासमोर बसून माफी मागेन, आणि सांगेन की सगळं पुसलं.

६ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही.

सून बॅग भरत होती. ठकीच्या कानाचं डॉक्टरांनी आता ठीक आहे सांगितलं, तिघंही परवा निघतायत. घर आवरायचंय तिला आईचं. परत कधी, हे मी विचारलं नाही. विचारायला तोंड राहिलंय कुठे.

मी खाटेच्या कडेला बसले आणि माफी मागितली. दाराआड उभं राहिल्याची, सहीची, रजा घेतली नाही त्याची, ठकीला सगळ्यांदेखत खोटं पाडल्याची. सगळं एका दमात. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. माझं झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली.

"आई, मला तुमच्याकडून एक हवंय," ती म्हणाली. "मी चार दिवस विचारीन विचारीन म्हणतेय."

मला किती बरं वाटलं काय सांगू. म्हटलं, काहीही माग.

"ते रेकॉर्डिंग. राणीचं नाही, तुमच्या फोनमधलं. पूर्ण." मग ती थांबत थांबत बोलली. "फोन स्पीकरवर होता. अगदी शेवटी मी बोलत होते ना, तेव्हा मला वाटलं आईने हाक मारली. माझ्या लहानपणीच्या नावाने. मी बोलायची थांबले तोवर तो आवाज विरला होता. भाऊ म्हणतो, हाक नव्हती, नुसता श्वास होता. तेव्हापासून मी तेच धरून बसलेय, आई. तुमचा राग आला मला, खूप आला. पण मग वाटलं, बरं झालं, तुमच्याकडे ते राहिलंय. मला फक्त एकदा ऐकायचंय."

मी पुसलं म्हणून सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. तिने विचारलं, मौनीबाबांकडे असेल? मी म्हटलं, त्यांना मी मधलाच तुकडा दिला होता, आणि तोही गेला. शेवट फक्त माझ्याकडे होता.

ती बराच वेळ हातातल्या फ्रॉकच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली. मग माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत अजून आशा होती, तेच मला बघवेना.

"पण तुम्ही तिथे होतात ना. दाराशी. तुम्ही ऐकलंच असेल, आई. हाक मारली का तिने?"

'हो' म्हणणं काय अवघड होतं? ओठांवर आलंही होतं. मी डोळे मिटून ती दुपार आठवून बघितली, जीव खाऊन आठवली. गॅलरीचं दार आठवलं, तिची पाठ आठवली. आवाज काही केल्या येईना. राणीसाठी अर्धं मिनिट लागणार होतं, आणि तिकडे ती आईचा निरोप घेत होती तेव्हा मी फोनच्या पडद्यावर सेकंद पुढे सरकताना बघत होते, पुरेसं झालं की नाही एवढंच.

तेच मी तिला सांगितलं.